सुलूताईंचा मीटर आणि राईचे नाथाबाबा

मित्रांनो, जुना झालोय मी आता. बोटभर लांबीचं माझं शरीर. एका टोकाला चार्जरमध्ये खुपसायचं तोंड, दुसऱ्या टोकाला केबल लावायची जागा आणि मध्ये नखाएवढा पडदा. त्या पडद्यावर आकडे उमटतात. वीज किती दाबाने येते आहे आणि खरोखर किती वाहते आहे, एवढंच मला सांगता येतं. दुकानदार मला यूएसबी टेस्टर म्हणतात. माझ्या मालकीण सुलूताई मात्र सुरुवातीपासून मला नुसतं मीटर म्हणत आल्या, आणि मलाही तेच नाव आपलं वाटतं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. लांबच लांब टेबलावर माझ्यासारखे कितीतरी जण ओळीने पडलेले होते. एका मुलीने माझ्या पोटात हिरवी पट्टी बसवली, दुसरीने तारांना डाग दिला, तिसरीने वरचं झाकण दाबून बंद केलं. शेवटी एका यंत्राने मला ठरावीक वीज दिली. मी दाखवलेला आकडा बरोबर आला म्हणून मी पास झालो. ज्यांचे चुकले ते खालच्या टोपलीत गेले. खरं बोलणाऱ्याला ठेवून घेतात आणि खोटं बोलणाऱ्याला टाकून देतात, असा माझा तेव्हा समज झाला. जगाची रीत वेगळी आहे, हे मला मीरा रोडला आल्यावर कळलं.

शांती नगरमध्ये एका इमारतीच्या जिन्याखाली सुलूताईंचं दुकान आहे. दुकान कसलं, शटर लावलेलं कपाटच ते! चार्जर, केबली, इअरफोन, मोबाईलची कव्हरं, काचेचे स्क्रीनगार्ड, सगळं खिळ्यांना लटकवलेलं. सुलूताई मूळच्या रत्नागिरीकडच्या. लग्न होऊन इकडे आल्या. नवरा एका कंपनीच्या गेटवर रखवालदार होता, त्याच्या जोडीला काहीतरी हवं म्हणून त्यांनी हे दुकान टाकलं. खोटा माल गळ्यात पडू नये म्हणून त्या घाऊक बाजारातून मला घेऊन आल्या.

ते दिवस फार चांगले होते, मित्रांनो. सुलूताई प्रत्येक नवी केबल आधी मला लावून बघायच्या. पॉवर बँक आली की ती माझ्या मागे आणि एक छोटा पंखा माझ्या पुढे जोडून आम्हाला दिवसभर फळीवर ठेवून द्यायच्या. पंखा फिरत राहायचा आणि त्या पॉवर बँकेच्या पोटातून किती वीज बाहेर आली, ते मी मोजत बसायचो. खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेले असायचे. पण पुष्कळ जणींचा जीव निम्म्याच्याही आत जायचा. सुलूताई अशा पॉवर बँका परत पाठवायच्या. "आमच्या मीटरने पास केलेलाच माल मिळेल," असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या, तेव्हा माझा पडदा मला नेहमीपेक्षा उजळ वाटायचा.

पण लोकांना खरं ऐकायचं नसतं. कुणी नवाकोरा चार्जर दाखवायला आणायचा, मी खरा आकडा दाखवायचो आणि त्याचा चेहरा पडायचा. मग तो चार्जर विकणाऱ्यावर न रागावता माझ्यावर रागवायचा. "आंटी, आपका मशीन ही खराब है!" असं म्हणून निघून जायचा. शेजारच्या कव्हरवाल्या दिपेशभाईंनी तर सुलूताईंना एकदा चांगलंच सुनावलं.

"सुलूताई, गिऱ्हाईक आलं की तुम्ही त्याला घाबरवून परत पाठवता. असा धंदा होतो काय?"

सुलूताईंचे पाय दुखत असायचे, मान आखडलेली असायची. रोज उठून प्रत्येकाशी वाद कोण घालणार? हळूहळू त्यांनी मला बाहेर काढणं कमी केलं. एक दिवस मी खालच्या खणात गेलो. तिथे रबर बँड, तुटकी बटणं, गंजलेली सिमकार्डाची पिन असे माझे सोबती होते. खणाच्या फटीतून थोडा उजेड यायचा, तेवढाच. खरं सांगायचं तर मला फार वाईटही वाटलं नाही. तेच तेच खरं बोलून मीही दमलो होतो.

मग एका दुपारी खण उघडला.

समोर स्टुलावर एक बाई बसल्या होत्या. त्यांचं नाव हेमांगी. शांती नगरातल्याच एका दातांच्या दवाखान्यात त्या नावनोंदणीच्या टेबलावर काम करायच्या आणि राहायला राई गावात होत्या. दुपारी दवाखाना बंद असायचा, तेव्हा त्या घरी जाऊन यायच्या. त्या दिवशी मात्र त्यांचं पाऊल घराकडे वळत नव्हतं.

"सुलूताई, हा फोन बघा ना. चार्जिंगला लावला की तापतोय. मला भीती वाटतेय, फुटायचा वगैरे. सावकाश बघा, मला घाई नाही."

"घाई नाही? एरवी तर उभ्याउभ्याच असतेस."

हेमांगीताईंनी पदराने मान पुसली. "घरी जावंसंच वाटत नाही हो. सासऱ्यांचं डोकं आता ठिकाणावर राहिलं नाही. सकाळी अगदी बरे असतात. पेपर वाचतात, चहा मागतात, सगळ्यांशी बोलतात. दुपार कलली की वेगळेच होतात. काल सासूबाईंनी विचारलं, 'गोळी घेतली का?' तर म्हणाले, 'होळी कवाच झाली.' आम्ही सगळे एकमेकांकडे बघतच राहिलो."

सुलूताईंनी माझ्यावरची धूळ फुंकली. "वय किती त्यांचं?"

"वय झालंच आहे. मिठागरात उभा जन्म गेला त्यांचा. पण असे नव्हते हो. संध्याकाळी खाडीच्या बांधावर फिरून यायचे, गावकीच्या बैठकीला जायचे. आता बैठकीला जात नाहीत. मागे रस्ता ओलांडताना मागून मोटारसायकल आली, तो पोरगा हॉर्न वाजवतोय, वाजवतोय, आणि हे आपले मधूनच चाललेत. हाताला खरचटण्यावर निभावलं. तेव्हापासून माझा नवरा हृतिक संध्याकाळी बाहेरून कडी घालतो. मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे पुढच्या आठवड्याची." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "घरात आता त्यांच्याशी कुणी बोलत नाही. बोलून उपयोगच नाही. मी बोलते, पण बोलते कसली, ओरडते. रोज ओरडते. मग रात्री माझं मलाच खायला उठतं."

सुलूताईंनी मला हेमांगीताईंच्या चार्जरमध्ये लावलं, पुढे त्यांची केबल जोडली आणि केबलला फोन. कितीतरी दिवसांनी माझ्या अंगातून वीज वाहिली. मी आकडे दाखवले. चार्जर चांगला होता, केबलही चांगली होती. सुलूताईंनी केबल मुळाशी वाकवून पाहिली, हलवून पाहिली. आकडा जराही ढळला नाही.

"दोन्ही उत्तम आहेत. फोनचं जाड कव्हर काढून चार्जिंगला लावत जा आणि उशीखाली ठेवू नकोस. बाकी काही नाही."

"केबल चांगलीच असणार," हेमांगीताई फोन पर्समध्ये टाकत म्हणाल्या. "सासऱ्यांच्या कानाच्या मशीनसोबत आलेली आहे ती. माझी जुनी अशी वाकवून धरली तरच चार्ज करायची, म्हणून मी ही घेतली आणि ती त्यांच्या चार्जिंगच्या डबीला लावून दिली. त्यांच्या मशीनला लागते ती केवढीशी वीज!"

सुलूताई मला खणात ठेवायला वाकल्या होत्या. त्या तशाच थांबल्या.

"आणि त्यांच्या डबीला ती कोण वाकवून धरतं?"

हेमांगीताईंनी गल्ल्यावरची ती केबल हातात घेऊन वाकवून पाहिली. बाहेरून भंगारवाल्याची गाडी ओरडत गेली. मग हेमांगीताई एवढंच म्हणाल्या, "सुलूताई, तुम्ही येता का माझ्याबरोबर? मला आकड्यांतलं कळत नाही."

सुलूताईंनी एकदा आपल्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग एक नवी केबल खिळ्यावरून काढली, मला रुमालात गुंडाळलं आणि शटर ओढलं.

राईचं ते घर बैठं होतं, पुढे सिमेंटचा ओटा, भोवती आता उंच इमारती उठलेल्या. नाथाबाबा खिडकीच्या गजांशी खुर्ची ओढून बसले होते. दोन्ही कानांमागे यंत्रं नीट बसवलेली होती. हेमांगीताईंनी दारातून हाक मारली, तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. दुसऱ्यांदा हाक मारली, तरी नाही.

त्यांच्या पत्नी पार्वतीआजी आतून बाहेर आल्या. "कोन आलंय गो?"

"आई, ह्या सुलूताई. बाबांच्या मशीनची डबी बघायला आल्यात."

"तिला काय झालंय? रोज राती मी सोता लावते. लाल लाईट पेटते. सकाळी बगावं तर लाईट गेलेली असते. भरलं की जाते ना ती?"

सुलूताई पलंगामागे वाकल्या. डबी भिंतीतल्या फळीवर होती आणि केबल पलंगाच्या पायाआडून दुमडून वर आली होती. त्यांनी नाथाबाबांच्या खांद्याला हलकेच हात लावला आणि खुणेनेच यंत्रं मागितली. बाबांनी निमूटपणे ती काढून दिली, जसं लहान मूल हातातली वस्तू देतं तसं. सुलूताईंनी यंत्रं डबीत ठेवली, चार्जरमध्ये मला बसवलं आणि पुढे ती जुनी केबल जोडली.

लाल दिवा लागला. माझ्या पडद्यावर आकडा आला. वीज जात होती.

"बगा, पेटली ना?" पार्वतीआजी म्हणाल्या.

सुलूताईंनी केबल पलंगाच्या पायाआड सरकवली, रोज असते तशी. तार मुळाशी दुमडली. माझा आकडा थरथरला, खाली आला, पुन्हा वर गेला आणि मग शून्यावर जाऊन थांबला. डबीवरचा लाल दिवाही विझला. मित्रांनो, आयुष्यात मी कितीतरी वेळा शून्य दाखवलं आहे, पण ते दाखवताना इतकं जड कधीच वाटलं नव्हतं.

"भरली?" आजींनी विचारलं.

"आजी, भरलं म्हणूनही लाईट जाते आणि तुटलं म्हणूनही जाते," सुलूताई म्हणाल्या. "रात्री थोडा वेळ चार्ज होत असणार. तेवढ्यावर सकाळ निघते. दुपारनंतर कानांत नुसतं प्लास्टिक."

हेमांगीताई पलंगाच्या कडेवर बसल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्यांना रडू फुटलं. ते पाहून पार्वतीआजींचेही डोळे वाहू लागले. नाथाबाबा दोघींकडे आळीपाळीने बघत होते. कुणी काही सांगत नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी पोचलं नसतं. शेवटी त्यांनीच घाबरून विचारलं, "कोन गेलं?"

सुलूताईंनी हातानेच सांगितलं, कुणी नाही, कुणी नाही. मग नवी केबल लावली, पलंग जरा पुढे ओढला आणि तार सरळ सोडली. आता माझा आकडा स्थिर राहिला. हेमांगीताईंनी दवाखान्यात आज येत नसल्याचं कळवलं, पार्वतीआजींनी चहा टाकला. सगळे चहा पीत माझ्या पडद्याकडे बघत बसले. खणात पडलेल्या माझ्यासारख्या जुन्या मीटरकडे एवढी माणसं एवढा वेळ बघत बसतील, असं मला वाटलंही नव्हतं.

यंत्रं भरत आली, तोवर हृतिकही कामावरून परतला. तो एका कुरिअरच्या गोदामात देखरेखीला होता. दिवसभर उभा राहून त्याचाही चेहरा उतरलेला असायचा. दारात अनोळखी चपला पाहून तो थबकला. तेवढ्यात हेमांगीताईंनी यंत्रं बाबांच्या कानांना लावली आणि सवयीने ओरडल्या, "बाबा! ऐकू येतंय का?"

नाथाबाबा दचकून मागे सरले. "वरडतेस कशाला? येतंय की!"

पार्वतीआजी रडतारडता हसल्या. पण हेमांगीताई हसल्या नाहीत. त्या उभ्या राहिल्या. केबल खराब होती एवढंच सांगून त्यांना मोकळं होता आलं असतं. तिथे कुणी त्यांना त्यापुढे विचारलं नसतं. सुलूताईही खाली मान घालून मला रुमालाने पुसत होत्या. मला वाटतं, त्यांनी मुद्दामच तिकडे पाहिलं नाही.

"बाबा, तुमची चांगली केबल मी घेतली होती," हेमांगीताई म्हणाल्या. "माझ्या फोनला. माझी मोडकी तुमच्या डबीला लावली. मला वाटलं, चालेल. तुमचं डोकं बिघडलेलं नाही. तुम्हाला ऐकूच येत नव्हतं. आणि मी तुमच्यावर रोज ओरडत होते."

हृतिकने कपाळाला हात लावला. "बाबा, पण तुम्ही का नाही सांगितलंत? दुपारनंतर मशीन बंद पडतंय म्हणून?"

नाथाबाबांनी कानामागचं यंत्र चाचपलं. मग सावकाश म्हणाले, "मना वाटलं, कानच दमतात सांजच्याला. वय हाय. तू येवढ्या हौशेनं मशीन आनलंस, मित्रांकडं जाऊन चौकशी केलीस. त्याचा काय उपेग न्हाय असं कसं सांगू तुला?"

मग ते सुनेकडे वळले. "आनि तू रडू नको, पोरी. ह्या घरात समदी माज्याशी बोलायची थांबली. ही पन थांबली." त्यांनी आजींकडे पाहिलं. आजींनी नजर खाली केली. "तू येकटी वरडायचीस. शबूद न्हाय कळायचा, पन कायतरी यायचं कानात. सांजच्याला मी तुजी वाट बगायचो."

हृतिक खाली बसला आणि त्याने वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "चुकलं बाबा. कडी मी तुमच्या काळजीनेच घालत होतो. तुम्हाला कळत नाही असं वाटलं."

नाथाबाबांनी त्याचा हात झिडकारला नाही, पण धरलाही नाही. ते खिडकीच्या गजांकडे बघत म्हणाले, "मना ऐकू येत नव्हतं, हृतिक. दिसत व्हतं."

सुलूताईंनी मला हातात घेतलं आणि त्या हळूच उठल्या. ओट्यावर आल्यावर मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नाथाबाबा चपला घालत होते. पार्वतीआजी म्हणाल्या, "येकटे जाऊ नका, मी येते." ते म्हणाले, "ये. पन बोलत चल." आणि ती दोघं बांधाच्या दिशेने निघून गेली. हृतिक दारात उभा राहून त्यांच्या पाठीकडे कितीतरी वेळ बघत होता. त्याला हाक मारायची होती असं वाटलं, पण त्याने मारली नाही.

मित्रांनो, नंतर त्या घरात काय झालं ते मला पुरतं माहीत नाही. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ त्यांनी रद्द केली नाही, कानांच्या डॉक्टरांनाही पुन्हा दाखवलं आणि बाबांची तब्येत वयाच्या मानाने बरी निघाली, एवढं हेमांगीताई येऊन सांगून गेल्या. बाप-लेक बोलतात का, असं सुलूताईंनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बोलतात. कामापुरतं. होईल हळूहळू." काही गोष्टी नवी केबल लावून लगेच भरत नाहीत.

मी आता परत गल्ल्यावर असतो. सुलूताई कुणालाही न विचारता प्रत्येक केबल मला लावून बघतात. दिपेशभाई अजून हसतात, गिऱ्हाइकं अजून रागावतात. माझ्या पडद्याला आता एका कोपऱ्यात तडा गेला आहे. आठाचा आकडा मला पुरता काढता येत नाही, तो तिनासारखा दिसतो, आणि मग सुलूताई डोळे बारीक करून अंदाज बांधतात. लवकरच त्या दुसरा मीटर आणतील. आणायलाच हवा. चुकीचा आकडा दाखवत गल्ल्यावर बसण्यापेक्षा मला खण बरा.

जाण्याआधी एवढंच मागतो तुमच्याकडे. केबल ओढताना तारेला धरून हिसकू नका, डोक्याला धरून काढा. पलंगाच्या पायाखाली, दाराच्या फटीत तिला चिरडू नका. पॉवर बँक फुगलेली दिसली तर मोह धरू नका, घरात ठेवू नका. आम्हा मुक्या वस्तूंची एवढी काळजी घेतलीत तरी पुष्कळ झालं.

आणि घरात कुणी उत्तर देईनासं झालं, भलतंच बोलू लागलं, तर त्याला वेडा ठरवायच्या आधी जरा जवळ जा. तुमचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचतंय का, ते बघा. मी दमलोय मित्रांनो, पण आकडा दाखवण्याचं काम माझ्यासारखे कितीतरी जण करत राहतील. पलंगामागे वाकून बघायचं काम मात्र तुमचंच आहे.